माहिती वाटण्याचा धंदा : बर्कलेच्या ‘बीमग’ची सोळा वर्षे

सप्टेंबर १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक मंडळ काढले. नाव अगदी सरळ होते : बर्कले मॅकिंटॉश युजर्स ग्रुप. आद्याक्षरे जोडून सगळे त्याला ‘बीमग’ म्हणू लागले. रीस जोन्स आणि रेन्स कोहेन ही संस्थापकांतली दोन ठळक नावे. मॅकिंटॉश हा ॲपल कंपनीचा संगणक बाजारात येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. तो घेतलेल्यांनी आठवड्यातून एकदा जमायचे, कोणाला काय जमले आणि काय अडले ते एकमेकांना सांगायचे, एवढीच कल्पना होती. नऊ वर्षांनी, १९९३ मध्ये, याच मंडळाचे सभासद तेरा हजारांवर गेले आणि मॅकिंटॉश वापरणाऱ्यांचे सर्वांत मोठे मंडळ म्हणून ते ओळखले जाऊ लागले. पुढे सातच वर्षांत ते बंदही पडले.

संगणक वापरणाऱ्यांच्या मंडळांवरील स्मरणिकेत या संस्थेला जागा द्यायची ती तिच्या आकारामुळे नव्हे. आमचा धंदा माहिती वाटून टाकण्याचा आहे, असे बीमगने आपले ब्रीदच करून ठेवले होते. माहिती वाटून संस्था चालते का, किती दिवस चालते, आणि ती बंद पडली तरी तिचे काय टिकते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या इतिहासात मिळतात. गावोगावच्या छोट्या मंडळांनाही याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

पार्श्वभूमी

बर्कलेत असे मंडळ निघावे यात नवल नव्हते. १९६४ च्या भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीपासून या विद्यापीठाच्या आवारात स्वतःचे म्हणणे स्वतः छापण्याची, पत्रके वाटण्याची आणि पायऱ्यांवर बसून वाद घालण्याची सवय रुजली होती. त्या चळवळीत भाग घेतलेल्या ली फेल्सेनस्टाइन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७३ मध्ये ‘कम्युनिटी मेमरी’ नावाचा प्रयोग केला. लिओपोल्ड्स या ग्रामोफोन तबकड्यांच्या दुकानात एक टेलिटाइप यंत्र मांडले आणि ते खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या संगणकाला जोडून दिले. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर सूचना टाइप करावी, दुसऱ्याने ती शोधून वाचावी, अशी सोय होती. संगणक म्हणजे लष्कराची आणि बँकांची मालमत्ता समजली जाण्याच्या काळात रस्त्यावरचा माणूस त्याच्या कळा दाबत होता.

५ मार्च १९७५ रोजी खाडीच्या दुसऱ्या बाजूला, मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा झाली. अल्टेअर ८८०० हा सुटे भाग जोडून करायचा संगणक नुकताच निघाला होता. त्याच्याभोवती जमलेल्या या मंडळींत स्टीव्ह वॉझनियाकही होते. ॲपलचा पहिला संगणक त्यांनी आधी याच क्लबात दाखवला. फेल्सेनस्टाइन सभा चालवत. सभेचा एक भाग ते मोकळा ठेवत : कोणाकडे कोणता सुटा भाग आहे, कोणाला काय हवे आहे, हे उभे राहून सांगायचे आणि मग ज्याने त्याने आपापला जोडीदार गाठायचा. याच क्लबाच्या पत्रिकेत १९७६ च्या आरंभी बिल गेट्स यांचे ते गाजलेले खुले पत्र आले. आमची बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तुम्ही पैसे न देता उतरवून घेता, ही चोरी आहे, असा त्याचा सूर होता. आपापसांत वाटणे कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते, हा वाद मंडळांच्या पाचवीलाच पुजलेला होता.

पूर्व किनाऱ्यावर १९७७ मध्ये बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी निघाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, जोनाथन रोटेनबर्ग, त्या वेळी तेरा वर्षांचा होता. या संस्थेने यंत्रे बनवणाऱ्यांऐवजी वापरणाऱ्यांना मध्यभागी आणले. विकत घेण्यापूर्वी कोणाला विचारावे, घेतल्यावर कोणाला विचारावे, या गरजेतून ती वाढली आणि पुढे तिचे सभासद तीस हजारांवर गेले.

बंद डबा

मॅकिंटॉशचे अनावरण २४ जानेवारी १९८४ रोजी झाले. ३० जानेवारीला बोस्टन सोसायटीच्या सभेत स्टीव्ह जॉब्स यांनी तो पुन्हा दाखवला आणि यंत्र बनवणाऱ्या चमूने श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. पडद्यावरची चित्रे, माउस, खाली सरकणारे मेन्यू हे सगळे सामान्य ग्राहकाला नवे होते. किंमत २,४९५ डॉलर होती. मेमरी १२८ किलोबाइट. फ्लॉपी एकच, तीही ४०० किलोबाइटची. एका फ्लॉपीवरची माहिती दुसरीवर उतरवायची तर दोन्ही आळीपाळीने आत-बाहेर करत बसावे लागे. कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माउसच वापरावा म्हणून कंपनीने त्या मुद्दाम गाळल्या होत्या.

यंत्राचा डबा तर जणू ग्राहकाने उघडूच नये अशा बेताने बंद केलेला. आत नवे कार्ड बसवायला खाच नाही. वर उचलायची मूठ, त्या मुठीच्या खाचेत खोलवर दोन स्क्रू, आणि ते फिरवायला ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा लांब पेचकस हवा. असा पेचकस तेव्हा घरोघरी नसे. होमब्रूच्या सभासदाला आपल्या यंत्रातली एकेक तार ठाऊक होती. मॅकिंटॉश घेणाऱ्याला आत काय आहे ते बघण्याचीही मुभा नव्हती.

तरी लोकांनी तो उघडला. जानेवारी १९८५ मध्ये डॉक्टर डॉब्ज जर्नल या नियतकालिकाने १२८ किलोबाइटचा मॅक ५१२ चा कसा करावा याची कृती छापली : फलकावरच्या मेमरीच्या सोळा चिपा काढायच्या, चौपट क्षमतेच्या सोळा डाखायच्या. कृती वाचून हिंमत होणारे थोडे आणि चुकीच्या जागी डाख लागला तर अडीच हजार डॉलरचे नुकसान. अशा वेळी आधी करून बसलेला माणूस शेजारी असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मंडळ हवे होते ते यासाठी.

गुरुवारची सभा

बीमगची सभा दर गुरुवारी विद्यापीठाच्या आवारात भरे. इतर अनेक मंडळे महिन्यातून एकदा जमत. बर्कलेकरांनी आठवड्याचा वार धरला. त्याचा परिणाम मोठा झाला. महिनाभराने मिळणारे उत्तर बहुधा उशिराच पोचते. गुरुवारी विचारलेला प्रश्न घेऊन एखादा घरी जाई, आठवडाभर खटपट करी आणि पुढच्या गुरुवारी उत्तर घेऊन येई.

मॅकिंटॉश मंडळांच्या सभांचा एक साचा ठरून गेला होता. आधी प्रश्नोत्तरे, मग एखाद्या कंपनीचे किंवा सभासदाचे प्रात्यक्षिक, शेवटी सोडत. प्रात्यक्षिकाला नवे सॉफ्टवेअर बघायला मिळे आणि सोडतीत एखाद्याला ते फुकटही मिळे. पण मंडळाचा कणा म्हणजे प्रश्नोत्तरे. विचारणारा बहुधा नवखा असे : प्राध्यापक, वकील, चित्रकार, छापखानेवाला, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी. सांगणारा अनेकदा त्याच्या निम्म्या वयाचा. अमुक कळ धरून तमुक दाब, एवढ्यावर काम भागे.

त्या कळांची विद्या आज बालिश वाटेल, पण तेव्हा ती मोलाची होती. कमांड, शिफ्ट आणि ३ एकदम दाबले की पडद्याचे चित्र फ्लॉपीवर उतरते. कमांड, शिफ्ट आणि १ दाबले की फ्लॉपी बाहेर येते. पुढे कमांड, ऑप्शन, पी आणि आर या चार कळा धरून यंत्र सुरू केले की बिघडलेल्या मूळ मांडणीची स्मृती पुसली जाते. दोन हातांनी चार कळा धरून वर यंत्रही चालू करायचे, तर ते एकदा बघितल्याशिवाय साधत नाही. पुस्तिकेच्या कुठल्या तरी पानावर ते छापलेले असेलही. पण यंत्र अडले की कोणते पान उघडावे हेच कळत नाही.

कंपनीच्या मदतीत आणि मंडळाच्या मदतीत आणखी एक फरक होता. विक्रेत्याला विचारले तर तो नवी वस्तू विकण्याकडे वळतो. मंडळातल्या माणसाला काही विकायचे नसते. ‘हे घेऊ नका, तुमच्याकडे आहे त्यातच होईल,’ असे ऐकायला मिळण्याची ती एकच जागा होती.

डिस्कांचे भांडार

सभेइतकेच मोठे काम होते सॉफ्टवेअरच्या भांडाराचे. हौशी प्रोग्रामर आपले छोटे कार्यक्रम मोफत देत. काही जण ‘आधी वापरा, आवडले तर पैसे पाठवा’ या बोलीवर देत. या दुसऱ्या पद्धतीला शेअरवेअर म्हणू लागले होते. तिच्या जनकांपैकी एक, अँड्र्यू फ्लुगेलमन, याच खाडी परिसरातले आणि मॅकवर्ल्ड मासिकाचे पहिले संपादक. बीमगने असे कार्यक्रम जमवले, तपासले, विषयवार लावले आणि फ्लॉपीवर उतरवून नाममात्र किमतीत दिले. भांडाराची सूची छापली. इंटरनेट घराघरात पोचण्याआधी आयडाहोतल्या किंवा जपानमधल्या वापरकर्त्याला बर्कलेच्या पत्त्यावर मागणी पाठवून हे सगळे टपालाने मागवता येई. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने जोडले जाणारे मंडळाचे संगणकी सूचनाफलकही होते.

गेट्स यांच्या पत्राने उभा केलेला वाद इथे व्यवहारात सुटला. बाजारातल्या कार्यक्रमांच्या प्रती भांडारात नसत. ज्यांच्या कर्त्यांनी स्वतःहून वाटायला परवानगी दिली आहे, तेच असत. परवानगी घेऊनही वाटण्याजोगे किती निघते, हे भांडाराच्या जाडजूड सूचीने दाखवून दिले. रेमंड लाउ या शाळकरी मुलाने १९८७ मध्ये लिहिलेला स्टफइट हा कार्यक्रम म्हणजे मॅकवरच्या फायली दाबून लहान करण्याचा प्रघातच होऊन बसला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन नॉरस्टॅड यांचा डिसइन्फेक्टंट हा विषाणूनाशक कार्यक्रम पूर्ण मोफत होता, आणि ज्या फ्लॉप्यांच्या देवाणघेवाणीतून विषाणू पसरत, त्याच वाटेने तो पसरला.

विषाणूंचे एक उदाहरण मंडळी काय शिकवत होती हे नेमके दाखवते. डिसेंबर १९८९ मध्ये डब्ल्यूडीईएफ नावाचा विषाणू आला. कोणताही कार्यक्रम न चालवता, नुसती बाधित फ्लॉपी घातली की तो लागे, कारण तो प्रत्येक डिस्कवरच्या ‘डेस्कटॉप’ नावाच्या अदृश्य फाइलमध्ये बसे. फायलींची चित्रे आणि त्यांची नोंद या फाइलमध्ये ठेवलेली असे. कमांड आणि ऑप्शन या कळा धरून फ्लॉपी घातली की यंत्र ही फाइल नव्याने बांधते, हे ज्याला माहीत होते त्याला औषध शोधत बसावे लागले नाही. फाइल नवी झाली की विषाणूही जाई. चित्रे विस्कटली तर करायचा हा जुना उपाय होता. आत काय चालते ते कळलेले असल्यामुळे तो नव्या रोगालाही लागू पडला. कळ पाठ असणे आणि कळ कशासाठी आहे हे उमगणे, यांतले अंतर मंडळाच्या सभांत असे कमी होत गेले.

यंत्र आपल्या मापाचे

संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम म्हणून मी यंत्र आपल्याजोगे करून घेण्याच्या शिक्षणाकडे बोट दाखवीन. मॅकिंटॉशचा डबा बंद होता, पण त्यातले सॉफ्टवेअर एका अर्थी उघडे होते. मॅकच्या प्रत्येक फाइलला दोन कप्पे असत. एकात मजकूर किंवा माहिती. दुसऱ्यात ‘रिसोर्सेस’ : मेन्यूतले शब्द, खिडक्यांचे आकार, चित्रे, आवाज, माउसच्या बाणाचे रूप, चूक झाली की दिसणारे संदेश. ही व्यवस्था ब्रूस हॉर्न यांनी रचली. तिच्यामागे एक व्यवहारी हेतू होता. कार्यक्रम फ्रेंचमध्ये न्यायचा असेल तर मूळ संहितेला हात न लावता फक्त या कप्प्यातले शब्द बदलता यावेत.

या कप्प्याची किल्ली म्हणजे ॲपलचाच रेसएडिट हा कार्यक्रम. तो प्रोग्रामरांसाठी होता, पण मंडळांच्या भांडारांतून तो सगळ्यांच्या हाती पडला आणि सामान्य सभासद आपल्या यंत्राची डागडुजी करू लागले. कचऱ्याच्या डब्याचे चित्र बदलणे हा पहिला धडा. वाट बघताना दिसणाऱ्या मनगटी घड्याळाच्या जागी आपले चित्र घालणे हा दुसरा. हे झाले गमतीचे. पण ‘कचरा रिकामा करा’ या आज्ञेला कळफलकावरची एक कळ जोडून देणे ही गंमत नव्हती. दिवसातून पन्नास वेळा तीच आज्ञा देणाऱ्याचे मनगट त्याने वाचे. ज्या कार्यक्रमाच्या कर्त्याने एखाद्या मेन्यूला कळ ठेवली नाही, त्याला वापरणाराच ती देऊ शकत होता. खिडकी लहान पडत असेल तर मोठी करून ठेवता येई. संदेश कळत नसेल तर आपल्या शब्दांत लिहिता येई.

यात धोकाही होता. सिस्टिम फाइलमधला एखादा भाग चुकून पुसला गेला की यंत्र सुरूच होत नसे. म्हणून पहिला नियम असा, की मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही. प्रतीवर काम करायचे आणि प्रत चालली तरच ती जागेवर ठेवायची. १९९२ च्या सुमारास बीमगने डेरिक श्नायडर यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ रिसोर्स एडिटिंग’ हे पुस्तक काढले. रेसएडिट समजावून सांगणारे पुस्तक एका वापरकर्त्यांच्या मंडळाने काढावे, यातच संस्थेची भूमिका दिसते. प्रोग्रामर नसलेला माणूसही आपल्या यंत्राची रचना बदलू शकतो, त्याला फक्त पायरीपायरीने सांगणारा कोणी हवा, असे या पुस्तकाने गृहीत धरले होते.

हायपरकार्डची कथा याच धाटणीची. बिल ॲटकिन्सन यांचा हा कार्यक्रम ऑगस्ट १९८७ पासून प्रत्येक मॅकबरोबर मोफत मिळू लागला. पत्त्यांसारखी कार्डे, त्यांवर बटणे, बटण दाबले की दुसरे कार्ड. शिक्षकांनी त्यात धडे केले, ग्रंथपालांनी सूच्या केल्या, काहींनी खेळ केले. वापरणाऱ्याच्या पाच पायऱ्या ठेवल्या होत्या : बघणे, टाइप करणे, रंगवणे, रचना करणे आणि संहिता लिहिणे. पुढे यंत्राबरोबर येणाऱ्या आवृत्तीत वरच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पण संदेशाच्या चौकटीत ‘मॅजिक’ हा शब्द टाइप केला की त्या पुन्हा दिसू लागत. ही बातमी एका माणसाने दुसऱ्याला सांगूनच पसरायची. विकत घेतलेल्या यंत्रात आपल्याला न दाखवलेले बरेच काही आहे, हे एकदा कळलेला सभासद पुन्हा कधी निमूटपणे बसत नाही.

मे १९९१ मध्ये मॅकची सिस्टिम ७ ही नवी प्रणाली आली आणि जोडकार्यक्रमांचे पीक आले. घड्याळे, आवाज, पडदा झाकणारी चित्रे, मेन्यूत भर घालणारे तुकडे. ते यंत्र सुरू होताना आपोआप चढत आणि त्यांची आपापसांत जुंपली की यंत्र गोठे. शिफ्ट दाबून यंत्र सुरू केले की सगळे बाजूला राहतात, एवढे कळल्यावर मंडळी गुन्हेगार शोधायला शिकत. निम्मे काढायचे, यंत्र सुरू करायचे. बिघाड राहिला तर दोषी उरलेल्यांत, गेला तर काढलेल्यांत. पुन्हा निम्मे. बत्तीस तुकड्यांत एक दोषी असेल तर पाच फेऱ्यांत सापडतो. गणिताच्या वर्गात कंटाळून झोपलेल्या माणसांनी ही पद्धत आपल्या पडद्यावर आनंदाने गिरवली.

टेलिफोनची तार

कल्पना सभासदांच्या गरजेतून निघून बाजारात कशी जाते याचे ठळक उदाहरण म्हणजे फोननेट. १९८५ मध्ये ॲपलचा लेझरायटर हा छपाईयंत्रांतला नवा प्रकार आला. किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे जवळजवळ तीन मॅकची. एवढे महाग यंत्र एकेकट्याला परवडणारे नव्हते. चारपाच मॅक त्याला जोडून ते वाटून घेणे हाच मार्ग. त्यासाठी ॲपलची स्वतःची केबल होती, पण ती महाग पडे.

रीस जोन्स यांनी तोडगा काढला. टेलिफोनच्या साध्या तारेत चार धागे असतात आणि फोनला दोनच लागतात. उरलेल्या दोन धाग्यांवरून मॅकचे जाळे चालवता येईल असा जोड त्यांनी तयार केला. तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, जोड स्वस्त, आणि ॲपलच्या केबलपेक्षा अंतरही जास्त गाठता येई. १९८६ मध्ये त्यांनी फॅरलॉन ही कंपनी काढली आणि फोननेट शाळांपासून छापखान्यांपर्यंत सर्वत्र गेले. मंडळाचा संस्थापक उद्योजक झाला याचे कौतुक आहेच. पण लेझरायटर वाटून घ्यायची अडचण आधी कोणाची होती, हेही इतिहासात लिहून ठेवायला हवे.

जाडजूड पत्रिका

संस्थेची पत्रिका वर्षातून दोनदा निघे. तिला पत्रिका म्हणायचे आणि हातात पडायचा चारशे पानांच्या घरातला ग्रंथ. सभेत विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे, सॉफ्टवेअरची परीक्षणे, भांडाराची सूची, यंत्राची वाढ करण्याच्या कृती, असे सगळे तिच्यात असे. लेझरायटर आणि पाने मांडण्याचा पेजमेकर हा कार्यक्रम आल्यावर अशी पुस्तके मांडण्यासाठी मोठ्या छापखान्याची गरज उरली नव्हती. मॅक कसा वापरावा हे मॅकवरच मांडून छापता येत होते.

तोंडी उत्तर सभागृहात संपते, छापलेले उत्तर दूरवर जाते. बर्कलेला कधीही पाय न ठेवलेले हजारो लोक सभासद झाले ते या पत्रिकेसाठी. पण यातच पुढच्या संकटाचे बीज होते. गुरुवारी येणारे शेकड्यांत आणि वर्गणी भरणारे हजारांत, अशी संस्थेची दोन रूपे झाली. पहिले रूप माणसांच्या येण्या-जाण्यावर उभे होते. दुसरे माहिती मिळणे कठीण असण्यावर.

उतरण

१९९३ मध्ये सभासदसंख्येने शिखर गाठले. त्याच वर्षी मोझेक हा न्याहाळक निघाला आणि सामान्य माणसाला वेब दिसू लागले. पुढच्या दोनतीन वर्षांत भांडारातले कार्यक्रम थेट उतरवून घेता येऊ लागले. प्रश्न टाकला की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून उत्तर येई, तेही गुरुवारची वाट न बघता. टपालाने फ्लॉपी किंवा सीडी मागवण्याचे आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या ग्रंथाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

त्यात ॲपलचेच दिवस फिरले. १९९६ आणि १९९७ या दोन आर्थिक वर्षांत कंपनीला अब्जावधी डॉलरचा तोटा झाला आणि ती बुडणार असे उघड बोलले जाऊ लागले. १९९६ मध्ये बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी विसर्जित झाली. तिच्यातला मॅकिंटॉश गट बीमगला येऊन मिळाला आणि ‘बीमग बोस्टन’ या नावाने काम करू लागला. एका किनाऱ्यावरची संस्था संपताना दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संस्थेने तिची माणसे सांभाळली. पण तोवर दोघींच्याही पायाखालची वाळू सरकत होती. कार्यालयाचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार वर्गणीतून आणि डिस्कांच्या विक्रीतून निघत. ते दोन्ही झरे आटले. १९९८ च्या आयमॅकने ॲपल सावरली, पण डब्यातून काढून जोडला की चालणारा तो संगणक घेणारे नवे लोक मंडळात आले नाहीत. २००० साली आर्थिक ओढाताण असह्य होऊन संस्था बंद झाली. काही ठिकाणच्या स्थानिक सभा त्यानंतरही आपल्या बळावर चालू राहिल्या. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स ही नवी प्रणाली आल्यावर रिसोर्सच्या कप्प्यांचे महत्त्वही ओसरले आणि रेसएडिटची विद्या हळूहळू कालबाह्य झाली.

जी संस्था माहिती फुकट वाटायला निघाली, ती माहिती खरोखर फुकट झाल्यावर संपली, असे म्हणून इतिहास आटोपता येईल. ते खरे आहे, पण अर्धेच. माहिती फुकट झाली. आपली नेमकी अडचण कोणत्या शब्दांत विचारावी हे अजून कोणी तरी शेजारी बसूनच सांगावे लागते. सभासद वर्गणी भरत होते माहितीसाठी, आणि त्यांना मिळत होते ते त्याहून जास्त. ते जास्तीचे हिशेबात कुठे मांडायचे हे बीमगला सुचले नाही. तिच्या अंताचे हे दुसरे कारण.

आपल्याकडचे धागे

मराठी वापरकर्त्याला ही गरज परकी नाही. युनिकोड ही अक्षरांची सामाईक मांडणी रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक प्रणालीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. एका यंत्रावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन एक चौकट खूण करून सीडी घातल्याशिवाय ती चालू होत नसे. सोय यंत्रात पडून आणि माणूस रोमन लिपीत मराठी टाइप करतोय, असे चित्र घरोघरी होते. ती चौकट बहुतेकांना कोणी तरी दाखवली तेव्हाच कळली.

पुण्यातल्या लिनक्स युजर्स ग्रुपने आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या जीएनयूनिफाय मेळाव्याने एकमेकांना दाखवण्याची ही पद्धत आपल्याकडे चालवली. आपले यंत्र घेऊन यायचे, कोणाच्या तरी मदतीने त्यावर नवी प्रणाली चढवायची, जाताना दुसऱ्याला मदत करायची. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरचे मेन्यू मराठीत आले तेही शब्द संहितेपासून वेगळे ठेवण्याच्या तत्त्वामुळेच. रेसएडिटने कचऱ्याच्या डब्याचे नाव बदलणारा बर्कलेचा सभासद आणि मेन्यूतल्या आज्ञा मराठीत लिहिणारा स्वयंसेवक, दोघांनीही प्रोग्रामरच्या परवानगीची वाट न बघता यंत्राला आपली भाषा दिली.

एमएस-सीआयटीसारखा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात लाखोंनी केला आणि त्याचा उपयोगही झाला. अभ्यासक्रमात मात्र उत्तरे आधी ठरलेली असतात आणि परीक्षा त्यांचीच होते. मंडळाची सभा शिकणाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू होते, म्हणून ती कधी कालबाह्य होत नाही; कालबाह्य होतात त्या डिस्का, पत्रिका आणि कार्यालये. मंडळ चालवणाऱ्यांनी बीमगकडून तीन गोष्टी घ्याव्यात. सभेचा वार जवळचा ठेवावा. सभेत मिळालेले उत्तर लिहून छापावे. आणि खर्च एवढाच वाढवावा, की माहितीचे मोल उतरले तरी दिवे चालू राहतील. वार्षिक अहवालात जमाखर्चाखाली आणखी दोन आकडे असावेत : वर्षभरात किती जण प्रश्न घेऊन आले, आणि त्यांतले किती जण पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उभे राहिले. दुसरा आकडा वाढत असेल तर मंडळाची प्रकृती ठीक आहे, मग सभासदसंख्या काहीही असो.